कुणी अपील केलं नाही

सॉफ्टबॉलची पंच आहे असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे मऊ चेंडूचा खेळ ना?" पूर्वी मी समजावून सांगायचे. पुढे पुढे डाव्या अंगठ्याचं वाकडं नख दाखवू लागले. फलंदाजामागे बसणाऱ्या कॅचरच्या हातून निसटलेला चेंडू तिथे बसला होता. नाव सॉफ्ट असलं तरी चेंडू चांगला टणक असतो. बेसबॉलच्या चेंडूपेक्षा मोठा, लहान मुलीच्या मुठीत न मावणारा, आणि छातीवर बसला तर श्वास अडकवणारा.

मी वसईतल्या एका शाळेत शारीरिक शिक्षणाची शिक्षिका होते. पगार त्याचा मिळायचा. रविवारी आणि सुट्यांत मात्र मी सॉफ्टबॉलच्या सामन्यांना पंच म्हणून उभी राहायचे. आता निवृत्तीनंतर आठवतं ते हे दुसरं कामच. शाळेतल्या कवायती, बक्षीस समारंभ, तपासणीला आलेले साहेब, सगळं एकमेकांत मिसळून गेलंय. मैदानावरचे काही चेंडू मात्र कालच पडल्यासारखे दिसतात.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी खानदेशातून इथे आले. आमच्याकडे शाळाशाळांतून सॉफ्टबॉल खेळतात, मीही कॉलेजात खेळले होते. वसईत तेव्हा खेळाचं मैदान म्हणजे क्रिकेट, फार तर फुटबॉल. गोखिवऱ्याला एका नव्या इमारतीत मी एक खोली आणि स्वयंपाकघर भाड्यानं घेतलं. सकाळी सगळी इमारत मुंबईला कामाला निघून जायची. मी दुपारी शाळेतून परतायचे, त्यामुळे शेजारच्या दोन-तीन घरांच्या किल्ल्या माझ्याकडे असायच्या. गॅसचा सिलिंडर आला की मी दार उघडून घेऊन ठेवायचे. त्या लोकांच्या स्वयंपाकघरातले डबे मला ओळखीचे झाले होते, माणसं फारशी नाही.

पंचाचं कामही तसंच एकटं असतं. दोन्ही संघ आपापल्या टेम्पोतून गात येतात, पंच एसटीतून पिशवी घेऊन उतरतो. कुठल्याही संघाबरोबर चहा घ्यायचा नाही, कुणाच्या खांद्यावर हात ठेवायचा नाही, सामना संपल्यावर कुणाचं अभिनंदनही जरा जपूनच करायचं. निर्णय एकाच्या बाजूनं गेला की दुसरा नाराज होतो, आणि ज्याच्या बाजूनं गेला त्याला तो आपला हक्कच वाटतो. पंचाचे आभार कुणी मानत नाही.

खेळ सांगते. शंकरपाळ्याच्या आकाराचं मैदान असतं, त्याचे चार कोपरे म्हणजे चार बेस. फलंदाज मुलगी त्यांतल्या घरच्या बेसपाशी, म्हणजे होम प्लेटपाशी उभी राहते. चेंडू मारला की पहिला, दुसरा, तिसरा बेस करत पुन्हा घरी यायचं. आली की एक धाव. तीन जणी बाद झाल्या की डाव पालटतो. इथपर्यंत बेसबॉलही असाच आहे. पण बेसबॉलमध्ये चेंडू खांद्यावरून फेकतात आणि फेकणारा मातीच्या उंचवट्यावर उभा असतो. सॉफ्टबॉलमध्ये जमीन सपाट, आणि हात गोल फिरवून चेंडू खालून, कमरेजवळून सुटला पाहिजे. मैदान लहान, बेसमधलं अंतर नव्वदऐवजी साठ फूट, डाव नऊऐवजी सात. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हणजे हा सोपा खेळ. पण अंतर कमी असल्यामुळे विचार करायला वेळच मिळत नाही. चेंडू सुटला असं कळेपर्यंत तो कॅचरच्या ग्लोव्हमध्ये असतो.

आणखी एक फरक मला पास्कोल अंकलनी भर मैदानात विचारला होता. पास्कोल अंकल जहाजावर नोकरी करून घरी परतलेले गृहस्थ. अमेरिकेच्या बंदरांत त्यांनी बेसबॉल पाहिला होता. पहिल्यांदा सामना पाहायला आले, तेव्हा मी एका मुलीला बाद दिलं, कारण चेंडू फेकणारीच्या हातातून सुटण्याआधीच ती बेस सोडून पळाली होती. चेंडू मारला जायची वाट न बघता असं पुढच्या बेसकडे पळणं म्हणजे बेस चोरणं. अंकल खुर्चीवरून उठून ओरडले, "ओ अंपायरबाई! बेस चोरायचाच असतो! मी डोळ्यांनी बघून आलोय!"

डाव संपल्यावर मी त्यांच्याजवळ गेले. "अंकल, तुम्ही पाहिलात तो बेसबॉल. तिथे आधीच दोन पावलं पुढे जाऊन उभं राहता येतं. इथे चेंडू हातातून सुटेपर्यंत पाय बेसवरच पाहिजे."

"मग चोरी कसली ती?" ते म्हणाले. "ही तर परवानगी घेऊन केलेली चोरी."

पण त्या दिवसापासून ते प्रत्येक सामन्याला येऊ लागले. घडीची खुर्ची घेऊन तिसऱ्या बेसच्या बाजूला, दोरीबाहेर बसायचे. त्यांना खेळ इतका कळू लागला की माझा निर्णय बरोबर असला तर मान हलवायचे. त्या एका हलणाऱ्या मानेचा मला फार आधार वाटायचा.

त्या काळात वसईत माझी मैत्रीण म्हणावी अशी एकच बाई होती. फिलोमिना. ती नंदाखालची, तिकडच्याच एका मुलींच्या शाळेत माझ्यासारखीच खेळाची शिक्षिका. माझ्याकडून सॉफ्टबॉल शिकली आणि वर्षभरात माझ्यापेक्षा चांगला संघ बांधून बसली. रविवारी सामना नसला की मी तिच्याकडे जेवायला जायचे. चर्चमधली मिस्सा आटोपून ती घरी आलेली असायची. मागे केळीची बाग, ओट्यावर तिची आई. आई त्यांच्या घरच्या बोलीत बोलायची, मी अहिराणीत उत्तर द्यायचे. दोघींना निम्मंच कळायचं, पण ताटात भाकरी पडायची थांबत नसे. आठवड्यात कुणी मला "अजून थोडं घे" म्हणायचं ते त्या एका घरात.

फिलूच्या संघात वनिता नावाची मुलगी होती. मिठागरावर काम करणाऱ्या माणसाची पोर. हात असा फिरवायची की चेंडू कुठून सुटला ते मलाही कधी कधी कळायचं नाही. एका रविवारी आम्ही जेवत असताना तिचे वडील आले. ओट्याच्या पायरीवरच बसले, वर यायला तयार होईनात.

"टीचर, पोरगी दिवसभर भिंतीवर बॉल मारते," ते म्हणाले. "आई वरडते. घरात पानी भरायला कोन नाय."

"या वर्षी जिल्हा जिंकला की विभागात, मग राज्याच्या स्पर्धेत जाईल ती," फिलू म्हणाली. "तिथे खेळली की परीक्षेला वाढीव गुण मिळतात. कॉलेजात खेळाडूंच्या जागेवर प्रवेश मिळतो."

त्यांनी अंगणाकडे नजर वळवली. "राज्याला गेली तर शिकवीन. तुमच्या तोंडावर सांगतो. नाय गेली तर वालीवला कंपनीत घालीन. तिची भैन तिथंच हाय."

मी तिथेच बसले होते. हातात भाकरीचा तुकडा होता. त्यामुळे पुढच्या सामन्यावर काय अवलंबून होतं, ते मला माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणू शकले नाही.

जिल्ह्याचा अंतिम सामना आला. तेव्हा आमचा जिल्हा ठाणेच होता, आणि समोर कल्याणकडचा तगडा संघ होता. मैत्रिणीच्या संघाच्या सामन्याला मी उभी राहू नये असं मला वाटत होतं, तसं मी बोललेही. पण महिला पंच दुसरी नव्हती आणि कल्याणच्या प्रशिक्षकांचीही हरकत नव्हती. फिलू म्हणाली, "तूच उभी राहा. निदान हरलो तर खरे हरू." सामन्याआधीचा आठवडा आम्ही एकमेकींशी बोललो नाही. तसं आमचं न ठरवता ठरलेलं असायचं.

आता एक नियम सांगायला हवा. क्रिकेट पाहणाऱ्यांना तो लवकर कळेल. क्रिकेटमध्ये अपील केल्याशिवाय पंच बोट वर करत नाही. सॉफ्टबॉलमध्ये बरेचसे निर्णय पंच आपणहून देतो, पण काही चुका अशा आहेत की त्या पाहायच्या आणि गप्प राहायचं. धावणाऱ्या मुलीनं एखादा बेस पायानं न शिवता ओलांडला, तर ती त्यांतली एक. समोरच्या संघानं ते हेरून पंचाकडे अपील करायचं, मगच ती बाद. पुढचा चेंडू पडला की हक्क गेला. आणि सामन्याचा शेवटचाच चेंडू असेल, तर पंच मैदानाबाहेर पडेपर्यंत मुदत. पंचानं चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. भुवई उंचावली तरी ती एका संघाला केलेली मदत होते.

सातवा, शेवटचा डाव चालू होता; फिलूच्या मुलींची फलंदाजी संपली होती, त्यामुळे कल्याणची एक धाव झाली की सामना संपणार होता. धावा सारख्या झालेल्या. कल्याणच्या दोघी बाद, एक जण पहिल्या बेसवर. वनिताचा चेंडू त्यांच्या फलंदाजानं दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून लांब धाडला. पहिल्या बेसवरची मुलगी जिवाच्या आकांतानं सुटली. माझा सहकारी पंच चेंडू मारणारीबरोबर दुसऱ्या बेसकडे गेला. मी होम प्लेट सोडून तिसऱ्या बेसच्या रेषेवर पुढे गेले, तसंच जायचं असतं. ती मुलगी तिसऱ्या बेसपाशी वळली आणि तिचा पाय बेसच्या आत, मातीत पडला. बेसला शिवला नाही. फक्कीची पांढरी रेघ, पिवळट माती आणि तिचा बूट, मधलं वीतभर अंतर मी स्वच्छ पाहिलं. ती घरी आली. धाव झाली. कल्याणच्या मुली मैदानात घुसल्या.

मी प्लेटपाशी परत आले आणि उभी राहिले. खिशातला ब्रश काढून प्लेट साफ केली. प्लेट साफ करायची गरज नव्हती, पण मैदानात थांबायला काहीतरी काम लागतं. फिलूच्या मुली जागच्या जागी बसल्या होत्या, एक-दोघी रडत होत्या. वनिता तिसऱ्या बेसच्या मागे उभी होती आणि माझ्याकडे पाहत होती. मी नजर वळवली नाही, पण चेहराही हलू दिला नाही. मनात एकच चाललं होतं : कुणीतरी विचारा. चेंडू उचला, माझ्याकडे आणा, आणि तिसऱ्या बेसचं विचारा. मी हात वर करायला तयार आहे.

फिलू बाकावरून उठून माझ्यासमोर आली. तिचे डोळे भरलेले. "संपलं ना?" तिनं विचारलं.

ते अपील नव्हतं. "अजून कुणाला काही विचारायचं नसेल तर," मी म्हणाले. एवढंही मी बोलायला नको होतं.

तिनं मान हलवली आणि मुलींना गोळा करायला गेली. माझा सहकारी पंच म्हणाला, "चला मॅडम." मी पिशवी उचलली. दोरी ओलांडून बाहेर आले, आणि त्याबरोबर ती धाव कायमची खरी झाली.

पास्कोल अंकलची खुर्ची तिसऱ्या बेसशेजारीच होती. जाताना मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही.

पुढच्या रविवारी चर्चबाहेर अंकलनी फिलूला सांगितलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पंचानं न बोलण्याचा नियम त्यांना माहीत नव्हता. त्यांना वाटलं, माझ्या नजरेतून सुटलं. सोमवारी शाळा सुटताना फिलू आमच्या फाटकापाशी उभी होती.

"अंकल म्हणतात तिचा पाय तिसऱ्या बेसला लागला नव्हता. तू पाहिलंस, शैला?"

"पाहिलं."

"आणि मी तुझ्यासमोर येऊन उभी राहिले."

"तू अपील केलं नाहीस, फिलू."

"मला दिसलं नव्हतं. माझ्या पुढ्यात मुली उभ्या होत्या. कशाचं अपील करायला सांगू?"

"मी आपणहून सांगितलं असतं तर ते..."

"नियम मला शिकवू नकोस, मला पाठ आहे." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तू बरोबर आहेस हे मला कळतंय. त्याचाच त्रास होतोय मला. काल वनिताचा बाप येऊन तिचा ग्लोव्ह देऊन गेला. शाळेचा आहे म्हणाला, धुऊन आणलाय."

मुलं आमच्या दोन्ही बाजूंनी घरी जात होती. ती वळली आणि एसटीच्या थांब्याकडे चालत गेली. मी हाक मारली नाही.

त्यानंतर मी नंदाखालला गेले नाही. पहिले काही रविवार सकाळी तयार होऊन बसायचे, मग साडी बदलून टाकायचे. सामन्यांना आम्ही भेटायचो. ती संघाची यादी द्यायची, मी घ्यायचे. "गुड मॉर्निंग अंपायर," ती म्हणायची. तिची आई गेली तेव्हा मी मातीला गेले, गर्दीत मागे उभी राहिले. ओट्याकडे पाहण्याचं धाडस झालं नाही.

अशी वर्षं गेली. गोखिवऱ्याची इमारत जुनी झाली, शेजारची घरं विकली गेली, नव्या लोकांनी किल्ल्या ठेवायला दुसरं कुणी शोधलं. मी पंचगिरी करत राहिले. राज्य स्पर्धांना गेले, परगावच्या शाळांच्या वर्गांत बाकं सरकवून झोपले, आणि माझी कामगिरी चोख असते असं लोक म्हणू लागले.

दोन हजारनंतर कधीतरी आम्ही नव्या पंचांसाठी शिबिर घेतलं. समोर बसलेल्यांत वनिता होती. वालीवला प्लॅस्टिकच्या कारखान्यात पॅकिंगला होती, अंगानं भरली होती, मंगळसूत्र होतं. नियम सगळे तोंडपाठ. मी फळ्यावर बेस काढून अपीलचा नियम शिकवला तेव्हा ती मान खाली घालून बसली होती. शिबिर संपल्यावर सतरंज्यांच्या घड्या घालायला ती मागे थांबली.

"मॅडम, तेव्हा मी पाहिलं होतं," ती म्हणाली.

मला कळलं ती कशाबद्दल बोलतेय, तरी मी विचारलं, "काय?"

"तिचा पाय. मी तिसऱ्या बेसच्या मागे होते ना, थ्रो सुटला तर अडवायला. पाय आत पडला, मातीत."

"मग बोलली का नाहीस, वनिता? तुला तर अपील माहीत होतं."

"माहीत होतं. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही काहीच बोलला नाहीत. म्हटलं, मॅडमची नजर चुकायची नाही. मॅडम गप्प आहेत म्हणजे लागला असेल पाय, माझंच काहीतरी चुकलं असेल."

मी सतरंजीचं टोक धरून उभी राहिले. मी हलू न दिलेल्या चेहऱ्यावर त्या मुलीनं निर्णय वाचला होता.

"आता त्याचं काही नाही, मॅडम," ती घाईनं म्हणाली. "एकच विचारायचं होतं. मी अपील केलं असतं तर तुम्ही आउट दिलं असतंत?"

"तिथल्या तिथे."

तिनं मान डोलावली. "मग माझी नजर बरोबर होती," ती म्हणाली आणि सतरंज्या उचलून खोलीत ठेवायला गेली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं.

हे फिलूला सांगावं असं अनेकदा वाटलं. पण सांगितलं असतं तर सगळं त्या पोरीच्या माथी आलं असतं, म्हणून तेही सांगितलं नाही. मी एवढंच केलं : सामन्याआधी दोन्ही कर्णधारांना प्लेटपाशी बोलावतात, तेव्हा त्यांना मोठ्यानं सांगायला लागले, "मी सगळं पाहीन, पण सगळं बोलणार नाही. मी गप्प आहे म्हणजे ठीक आहे असं समजू नका. शंका आली तर विचारा." मुली 'हो मॅडम' म्हणायच्या आणि पळायच्या. फार थोड्या जणींनी कधी विचारलं.

निवृत्तीच्या वर्षी माझ्याकडे आलेल्या शेवटच्या सामन्यांत एक फिलूच्या संघाचा होता. तिचेही केस पांढरे झालेले, गुडघ्याला पट्टा. शेवटच्या डावात समोरच्या संघाची मुलगी धावून घरी आली, आणि फिलूनं बाकावरून आपल्या कॅचरला काहीतरी खुणावलं. कॅचर चेंडू घेऊन माझ्यापुढे आली. "अंपायर, अपील. तिनं तिसरा बेस शिवला नाही."

मी तो पाय पाहिला होता. बेसच्या कडेला, पण लागला होता. मी दोन्ही हात आडवे पसरले. "सेफ."

कॅचरचं तोंड पडलं. बाकावरच्या मुलींनी ओरडा सुरू केला. फिलू पट्टा लावलेला पाय ओढत रेषेपर्यंत आली. प्रशिक्षकानं रेषा ओलांडायची नसते, तिनं ओलांडली नाही.

"लागला होता?" तिनं मला विचारलं.

"लागला होता."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी मास्क वर केलेला होता, चेहरा उघडा होता. मग ती मागे वळली आणि मुलींवर ओरडली, "गप्प बसा सगळ्या! लागला होता पाय. चला, पुढचा बॉल!"

मी मास्क खाली घेतला आणि कॅचरच्या मागे जाऊन उभी राहिले.